चारीच्या वळणावर

१

आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. जैनुद्दीन मिस्त्रीनं बसवलेलं इंजिन वाटेत उभं राहत नाही. एकतीस वर्षं मी राहुरीजवळच्या देवळालीत गॅरेज चालवतोय. ट्रॅक्टर म्हणा, जीप म्हणा, कारखान्यावर ऊस ओढणारे ट्रक म्हणा, माझ्या हाताखालून काय गेलं नाही? गाडी चालू करून दोन मिनिटं नुसता कान दिला तरी मी सांगतो कुठला व्हॉल्व्ह रडतोय. आणि अशा माणसाबद्दल लोक भर चौकात म्हणायला लागले, मिस्त्रीचं काम फसलं म्हणून! उचलली जीभ लावली टाळ्याला. अजून आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

म्हणून जसं झालं तसं सांगतो. मला सगळं समजलेलं नाही. पण मला समजलं नाही याचा अर्थ माझं काम चुकलं असा होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

गाडी मालनबाईची. मालनबाई म्हणजे आमच्या भागातली मुकादमीण. कांदा लागवडीला, खुरपणीला बायका लागल्या की शेतकरी तिलाच फोन करतात. तिच्या टोळीत अकरा बायका, टोळीला न्यायला एक जुनी पिकअप, आणि गाडीवर ड्रायव्हर तिचा दीर भीमा. सकाळी सातला पिकअप देवळालीतून निघायची, वाटेत ठिकठिकाणी बायका घेत कोल्हारकडच्या शिवारात जायची आणि ऊन उतरलं की परत यायची. त्या अकरा बायकांतली एक माझी बहीण, गौहर.

गौहरचं आत्ताच सांगून टाकतो. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. अम्मी गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्यात, ग्रीसच्या हातांनी. नवऱ्यानं सोडली तेव्हा मीच जाऊन तिला घेऊन आलो, त्याला अकरा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच. या जगात मला तिच्याशिवाय कुणी नाही, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

२

दिवाळीनंतर पिकअपच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. ऑइलमध्ये पाणी शिरून ताकासारखं पांढरं झालं होतं. मालनबाई कपाळाला हात लावून बसली.

"मिस्त्री, इकून टाकू का गाडी?"

"विकताय कशाला? चेसिस अजून दणकट आहे. दुसरं डिझेल इंजिन बसवू. तुमची टोळी दहा वर्षं फिरेल."

नगरच्या भंगार बाजारात शाहबाज म्हणून माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे जीपचं एक डिझेल इंजिन पडून होतं. जुन्या धाटणीचं, पंप आणि नोझलवालं. सेन्सर-बिन्सर काही भानगड नाही. अशी इंजिनं मला आवडतात, ती खोटं बोलत नाहीत. कुठून आलं म्हणून विचारलं तर शाहबाज म्हणाला, "अकोल्याकडची गाडी होती, चाचा. कागद बरोबर आहेत." कागद खरंच बरोबर होते. आरटीओत इंजिनाचा नंबर रीतसर चढवून घेतला. त्यात मी कधी कसूर करत नाही.

नऊ दिवस लागले. नव्या इंजिनाचे पाय जुन्या चेसिसवर बसेनात, म्हणून माउंटिंग तोडून नव्यानं वेल्डिंग केलं. गिअरबॉक्स गाडीचा, इंजिन परकं, तेव्हा दोघांच्या मध्ये घालायला जाड प्लेट कातून आणली. प्रोपेलर शाफ्ट दोन बोटं आखूड केला. रेडिएटर मोठा टाकला. दहाव्या दिवशी चावी फिरवली तर अर्ध्या सेल्फला इंजिन बोललं. काय आवाज, सांगतो तुम्हाला! गौहर चहा घेऊन आली होती. किटली हातात तशीच धरून ऐकत राहिली.

"भाईजान, हे तर कुरकुर पण करत नाही," ती म्हणाली. आम्ही घरात आमची बोली बोलतो, पण तुम्हाला मराठीतच सांगतो.

मी हौद्यात वाळूच्या गोण्या भरल्या, अकरा बायकांच्या वजनाच्या वर, आणि स्वतः गाडी कोल्हारपर्यंत नेऊन आणली. त्याच रस्त्यानं. एकदाही ठसका लागला नाही. मग भीमाच्या हातात चावी दिली आणि पाठ टेकली.

चौथ्या दिवशी मालनबाई गॅरेजच्या दारात उभी.

"मिस्त्री, गाडी वळनावर हुबी ऱ्हाती."

"कुठल्या वळणावर?"

"चारीच्या. रोज."

राहुरी फॅक्टरी सोडून पुढे गेलं की कालव्याची एक चारी रस्त्याला आडवी जाते. तिथं रस्ता वळतो. दोन्ही बाजूंनी ऊस. ना घर, ना टपरी, ना कुणी चढायउतरायचा थांबा.

"बंद पडते?"

"बंद कुटं पडती! सावकास व्हती, हुबी ऱ्हाती, अन् मंग आपली आपन निघती. मला रोज उशीर. शेतकरी माझ्या नावानं बोंबलतोय."

माझं डोकंच सटकलं. बंद न पडता उभी राहते? इंजिन आहे का म्हैस आहे? मी म्हटलं, "बाई, तुमच्या दिराचा पाय ॲक्सिलेटरवर नसतो, मोबाईलवर डोळा असतो. नाचता येईना अंगण वाकडं. जा, त्याला विचारा."

ती गेली, पण जाताना चौकात चार लोकांत बोलून गेली. आमच्याकडे गोष्ट पसरायला एवढं पुरतं.

३

दुसऱ्याच दिवशी मी भीमाला घेऊन गेलो, रिकाम्या गाडीनं. चारीच्या वळणावर इंजिन शिट्टी मारल्यासारखं पार झालं. परत आणली, परत नेली. पाच वेळा. भीमा स्टिअरिंगला धरून घामाघूम.

"चाचा, आईची आन. बायका असल्या का थांबती."

"म्हणजे इंजिनाला बायका आवडत नाहीत?"

"आवडत न्हाईत का आवडत्यात, मला काय ठावं?"

मग मी ठरवलं, टोळीबरोबरच जायचं. सकाळी सातला भीमा आणि मालनबाई यांच्यामध्ये केबिनमध्ये बसलो. मागं हौद्यात बायकांची बडबड चालली होती. स्वच्छ ऊन पडलं होतं. फॅक्टरी गेली, ऊस लागला. मी भीमाच्या पायाकडे टक लावून बघत होतो. पाय दाबलेला. चारी समोर दिसली आणि इंजिनाचा आवाज उतरला.

कान आहेत मला. डिझेल तुटलं की इंजिन खोकतं, गचके देतं. हे तसं नव्हतं. कुणीतरी हात केला आणि सराईत ड्रायव्हरनं गाडी बाजूला घ्यावी, तसं सावकाश. गाडी उभी राहिली. इंजिन चालूच, मंद, एका लयीत. मागं बायका काहीतरी बोलल्या आणि हसल्या. मग मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले, केबिन जराशी मागं दबली, आणि गाडी निघाली. भीमाचा पाय होता तिथंच होता.

"बगितलं?" मालनबाई म्हणाली.

"काय बघितलं? टाकीत कचरा आहे. लाइनमध्ये हवा आहे. दुसरं काय असणार?" मी तिच्यावर ओरडलो. पण पाटे का करकरले, हा प्रश्न माझ्या छातीत जाऊन बसला. उभ्या गाडीचे पाटे करकरत नाहीत. वजन चढल्याशिवाय नाही.

४

टाकी धुतली. दोन्ही फिल्टर नवे टाकले. हवा काढली. फीड पंप बदलला, केबल बदलली. दुसऱ्या दिवशी थांबली. मग मी पंपाचा लिव्हर तारेनं बांधून टाकला, म्हणजे कुणाच्या बापाला रेस कमी करता येऊ नये. भीमानं ब्रेकवर आणि क्लचवर गाडी सांभाळत नेली, नशीब कुणाला धडकला नाही. तरी त्या वळणावर उभी राहिली! काळा धूर ओकत, पूर्ण डिझेल पीत, उभी. मग वजन घेतल्यासारखी निघाली. अरे, हा काय चावटपणा आहे? एकतीस वर्षांची अब्रू माझी, आणि एक भंगारातलं इंजिन तिची चौकात धुणी धुतंय!

मग मागं हौद्यात बसून बघायचं ठरवलं. तोवर ते मला सुचलंच नव्हतं. बिघाड इंजिनात, मग मागं काय बघायचं?

हौद्यातली एक रीत आहे, ती तुम्हाला ठाऊक असावी म्हणून सांगतो. बायका वाटेत ठिकठिकाणी चढतात. गाडी थांबली रे थांबली की आतल्या बायका न बघता सरकतात आणि येणारीला जागा करतात. फाळक्याशी, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेशी, जी बसते तिचं काम म्हणजे खाली हात द्यायचा आणि येणारीला वर ओढायचं. "ये गं, बस गं," असं म्हणायचं. कोण आली ते बघायचीही गरज नसते. उन्हासाठी सगळ्यांनी साडीवर, ड्रेसवर पुरुषांचे जुने शर्ट घातलेले असतात, तोंडाला स्कार्फ गच्च बांधलेले असतात. आणि या टोळीत फाळक्याशी बसणारी होती गौहर. अंगात माझाच जुना खाकी शर्ट. हाताला बळ आहे तिच्या, म्हणून ते काम तिच्याकडे.

चारी आली. गाडी थांबली. बायकांच्या गप्पा चालूच होत्या, कुणाच्या तरी सुनेबद्दल. गप्पा न थांबवता सगळ्या आत सरकल्या. गौहरनं खाली वाकून हात दिला. "ये गं," म्हणाली. तिचा खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात ताणला गेला, पाय फाळक्याला टेकले, आणि तिनं ओढलं. पाटे करकरले. गाडी निघाली.

मी खाली बघितलं. रस्ता. चारीचं पाणी. काही नाही.

"गौहर, कुणाला हात दिलास?"

"कुणाला म्हणजे? चढणारीला."

"कोण चढली?"

तिनं इकडेतिकडे बघितलं. मग हसली. "सवय हो, भाईजान. गाडी थांबली की हात जातो."

"आणि ही जागा कुणाला सोडली?" तिच्या आणि शेजारच्या बाईच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी मोकळी जागा होती. बाकीच्या बायका कोंबड्यांसारख्या दाटून बसलेल्या. माझा पारा चढला. मी उठलो आणि मुद्दाम त्या जागेवर जाऊन बसलो.

"अहो मिस्त्री, उठा, उठा!" चारपाच जणी एकदम ओरडल्या.

"का? कुणाची जागा आहे?"

सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. कुणालाच सांगता येईना. पण मी उठेपर्यंत एकही बाई माझ्याकडे सरळ बघेना, आणि गौहरनं तर माझं कोपर धरून मला उठवलं. हळूच म्हणाली, "तिला त्रास होतो."

"कुणाला?"

"काही नाही," ती म्हणाली.

५

मग ते घरात शिरलं. संध्याकाळी जेवायला बसलो तर गौहर चटईच्या कडेला. माझ्या आणि तिच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. मी म्हटलं, "अशी बाहेर का बसलीस? सरक की आत." ती सरकली, तर दुसऱ्या बाजूनं तेवढीच जागा सोडली. तीन दिवस मी हे बघितलं. भाकरी वाढताना तिचा हात त्या मोकळ्या जागेला वळसा घालून यायचा. आणि सारखी उजवं मनगट चोळायची.

"हाताला काय झालं?"

"ओढून ओढून दुखतोय. ती जड आहे, भाईजान."

मी ताट बाजूला सारलं. "कोण जड आहे? नाव सांग. गौहर, माझ्याकडे बघ. कोण?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खरंच आठवायचा प्रयत्न करत होती, हे मला दिसत होतं. परीक्षेत उत्तर न येणाऱ्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला होता. मी तिला वाढवलंय, मला तिचा प्रत्येक चेहरा माहीत आहे. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि भीती वाटली की मी ओरडतो. तो माझा स्वभावच आहे.

"उद्यापासून टोळीत जायचं नाही!"

"का नाही जायचं? अकरा वर्षं मी माझ्या कष्टाचं खाते. तुमच्या गाडीत बिघाड, आणि घरी मी बसायचं? हे बरं आहे!"

"माझ्या गाडीत बिघाड नाही!"

"मग मला कशाला अडवता?"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. बिघाड नसेल तर तिला अडवायला कारण नव्हतं, आणि बिघाड असेल तर तो माझा होता. सकाळपर्यंत मी तोडगा काढला. म्हटलं, "तू जा, पण केबिनमध्ये बस, भीमा आणि मालनबाईच्या मध्ये. फाळक्याशी मी बसतो. सगळ्या गावाला दाखवतो की तिथं कुणी नाही."

"मग हात कोण देणार?"

"मी देतो."

"नक्की द्याल?"

"अगं, देतो म्हटलं ना! आणखी स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली. मग खाकी शर्टाची बटणं लावली, स्कार्फ बांधला आणि चालू पडली.

६

आदल्या दिवशी वळणावरचा ऊस तुटला होता. दोन्ही बाजू उघड्या झाल्या होत्या. नुसते बुडखे आणि पाचट, पार दूरच्या वीटभट्टीपर्यंत सगळं दिसत होतं. लपायला सशालासुद्धा जागा नव्हती. मी फाळक्याशी पाय पसरून बसलो, एक हात साखळीला धरून. मागच्या काचेतून केबिनमधली गौहर दिसत होती. खाकी शर्टाची पाठ, स्कार्फची गाठ.

चारी आली. मी कान टवकारले.

आवाज उतरला नाही. भीमानं वळणासाठी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली, इंजिन गुणगुणत राहिलं, आणि आम्ही वळणावरून थेट पुढे निघालो. थांबलो नाही! मला असा आनंद झाला म्हणून सांगू! मी मांडीवर थाप मारली. "बघा! बघा सगळ्यांनी! काय आहे तिथं? काय आहे? गेला पंधरवडा माझ्या नावानं शिमगा केलात!"

गप्पा थांबल्या होत्या. बायका दाटून बसल्या होत्या आणि मध्ये ती जागा मोकळी होती. गाडी थांबली नव्हती, तरीही त्या सरकून बसल्या होत्या. दहाच्या दहा जणी माझ्याकडे बघत होत्या, वाट बघत असल्यासारख्या.

मी मान वळवली. रस्त्यावरून एक बाई आमच्यामागं धावत होती. चारीच्या पुलाच्या अलीकडे. अंगात खाकी शर्ट, तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे उघडे. एक हात पुढे केलेला. भर सकाळच्या उन्हात तिची सावली तिच्या पायाशी धावत होती, ती मी बघितली. ती जवळ आली. वळणावर गाडी हळूच होती, तिचा हात फाळक्यापासून हातभर राहिला.

"भाईजान," ती म्हणाली, "हात द्या."

मी काचेकडे बघितलं. आत खाकी पाठ होती. शांत, सरळ, मालनबाईच्या खांद्याला लागून.

तुम्ही काय केलं असतं? माझ्या अंगात संताप असा उसळला, की माझ्या बहिणीचा आवाज काढतेस, माझ्या बहिणीचा शर्ट घालतेस! "जागा नाही!" मी ओरडलो. "चल हो मागं! जागा नाही!" आणि मी हात मागं घेतला.

गाडीनं वेग घेतला. ती मागं पडली. तेवढ्यात हौद्यातल्या बायका हलल्या. एकेक करून त्या सरकल्या, आणि ती मोकळी जागा बुजली. मग कुणीतरी पुन्हा त्या सुनेचा विषय काढला.

मी केबिनवर मुठी आपटल्या. भीमानं बरंच पुढं जाऊन गाडी थांबवली. मी उडी टाकली, वळणापर्यंत धावलो. डांबर, पाणी, पाचट. एक बगळा होता, तो उडून गेला. परत आलो तर गौहर दार उघडून खाली उतरली होती.

"काय झालं, भाईजान?"

"स्कार्फ काढ."

तिनं काढला. गौहरच होती. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण, डावा वाकडा दात, सगळं जागच्या जागी. मी रस्त्यातच मटकन खाली बसलो आणि हसत सुटलो. लोकांना वाटलं, मिस्त्रीला ऊन लागलं.

७

त्या दिवसापासून गाडी चारीच्या वळणावर थांबत नाही. मालनबाई पेढे घेऊन आली. "मानलं तुमाला, मिस्त्री." चौकातले तेच लोक, माझं काम फसलं म्हणणारे, आता म्हणतात जैनूचाचाच्या हातात जादू आहे. ते पेढे त्यांच्याच तोंडावर फेकून मारावेत असं मला वाटलं. कसली जादू? मी काहीच दुरुस्त केलेलं नाही!

मी मालनबाईला म्हटलं, इंजिन काढू द्या, दुसरं बसवतो, माझ्या पदरचं बसवतो. ती म्हणाली, "डोस्कं फिरलंय का तुमचं? झकास चाललंय. हात लावायचा न्हाई."

म्हणून आता मी असं काम करतो जे जन्मात कधी केलं नव्हतं. सकाळी गाडी निघायच्या आधी ऑइल बघायचं निमित्त करतो, आणि डिझेलच्या पाइपचा नट अर्धा आटा ढिला करतो. लाइनमध्ये हवा घुसावी, गाडी त्या वळणावर बंद पडावी, एवढ्यासाठी. मग फाळक्याशी जाऊन बसतो. गाडी बंद पडतेही. फॅक्टरीच्या चौकात पडली, कोल्हारच्या पुलावर पडली, भीमाच्या शिव्या खाल्ल्या. चारीच्या वळणावर मात्र ती पडत नाही. तिथं मी हात बाहेर काढून बसतो, आणि गाडी गुणगुणत निघून जाते.

घरी सगळं ठीक आहे. भाकरी तीच, आवाज तोच, माझ्यावर ओरडणंही तेच. चटईवर गौहर आता ऐसपैस बसते. मनगट दुखत नाही म्हणते. फक्त चहाचा कप माझ्या हातात देत नाही. खाली ठेवते, आणि मी उचलायच्या आत हात मागं घेते. परवा मी कपाकडे बघत बसलो होतो, तर ती कांदा चिरता चिरता, मान वर न करता म्हणाली,

"तो नट रोज कशाला ढिला करता, भाईजान? आता कुणाला घ्यायला जागा नाही."

नटाचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी, चौकात कुणाचं ऐकून न घेणारा माणूस, मान खाली घालून चहा प्यायलो.

लोक म्हणतात मिस्त्री अलीकडे फार चिडतो. चिडणार नाही तर काय करू? त्या सकाळी मी लगेच हात मागं घेतला, असं मी भीमाला सांगितलं, मालनबाईला सांगितलं, तुम्हालाही मघाशी तसंच सांगितलं. ते खरं नाही. तिची बोटं माझ्या बोटांना लागली होती. धावून धावून घामानं ओली झालेली, आणि गरम. मी तिच्या लहानपणापासून धरलेला हात तो. मी ओळखला, आणि तरी सोडला.